गाडी बांधून घेताना



मी दिंद्रुडचा, माजलगाव तालुक्यातला. आमच्याकडे उसाचा हंगाम जवळ आला की घरोघर एकच बोलणे निघते: ट्रॉली नवी करावी, की जुन्याच ट्रॉलीवर भागवावे? अशी गाडी बांधून घेताना वरखर्चाचा जो घोळ होतो, त्याबद्दल आज बोलायचे आहे.

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या निजामासाठी १९१२ साली रोल्स-रॉईसची एक मोटार तयार झाली. त्या काळी ही कंपनी इंजिन आणि सांगाडाच देई. वरचा साज गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे दुसरे कारागीर चढवीत. या गाडीचे काम बार्कर कंपनीने केले. पिवळा रंग, आणि मागे बसायला चक्क सिंहासन! ती धावली मात्र फार थोडी. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. राजाचे ठीक आहे; तुम्हा-आम्हाला प्रत्येक हौशीचा भाव आधी विचारावा लागतो.

गावगाड्यात हे लोकांना कळत होते. औताची डागडुजी सुतार बलुत्यात करी. नवी बैलगाडी करायची तर मजुरी वेगळी ठरे. नेमातले काय आणि वेगळे काय, हे दोघांनाही ठाऊक असे.

आता माझेच सांगतो. मी शाळामास्तर, घरी थोडी शेती. एका वर्कशॉपात ट्रॉली सांगितली. भाव ठरला, विसार दिला, कागद मात्र केला नाही. ट्रॉली उभी राहिली, रंगही लागला, आणि मला एकेक सुचू लागले. ‘मिस्त्री, मागे हूक लावा.’ ‘मिस्त्री, अवजारांना पेटी करा.’ मिस्त्री दर वेळी म्हणे, ‘करू की, गुरुजी.’ मी समजलो, ठरल्या भावातच करणार. न्यायला गेलो तर अठरा हजार जास्त! शब्दाने शब्द वाढला. आठ दिवस ट्रॉली तिथेच अडकली, आणि इकडे तोडलेला ऊस फडात वाळत पडला.

पुढे मिस्त्रीने हिशेब उलगडून दाखवला, तेव्हा मी ओशाळलो. पेटीला लोखंड थोडेच लागले होते. पण ती बसवायला जोडलेली पट्टी कापावी लागली, पुन्हा वेल्डिंग, पुन्हा रंग. आधी सांगितले असते तर हे सारे वाचले असते. चूक दोघांची होती. मी भाव विचारला नाही, त्याने सांगितला नाही.

म्हणून मंडळी, एवढे करा. लांबी-रुंदी, पत्र्याची जाडी, एक्सल, टायर नवे की जुने, हूक, पेटी, रंग, सारे आधी कागदावर लिहा. मधेच काही सुचलेच, तर दोन प्रश्न विचारा: पैसे किती वाढतील? दिवस किती वाढतील? उत्तर त्याच कागदावर लिहून दोघांनी सही करावी. एखादे काम कमी केले, तर त्याचे पैसेही तिथेच वजा करावेत. रक्कम टप्प्याने द्या. शेवटचा टप्पा गाडी तपासून ताब्यात घेताना.

आणखी एक. ट्रॉलीचीही नोंदणी लागते. ‘फळ्या फूटभर उंच करा, माल जास्त बसेल,’ असे मिस्त्रीला सांगू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल मनाला येईल तसे करता येत नाहीत. आणि जादा ओझ्याने ट्रॉली उलटली, तर वाचवलेली खेप कुठल्या कामाची? घासाघीस करायची तर रंगात करा. मागच्या चमकणाऱ्या पट्ट्यांत करू नका. अंधारात रस्त्याकडेला उभी ट्रॉली मोटारसायकलवाल्याला दिसत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. सातवीच्या मुलांकडून असा एक करारकागद लिहून घ्या. गणितही होईल, निबंधही होईल. आणि घरी वडील ट्रॉली सांगायला निघाले, की पोरगेच म्हणेल, ‘बाबा, कागद घेतला का?’

भाव करायचा तो लोखंड कापण्याआधी. कापल्यावर उरते ते भांडण.

राम राम.