तारेला न छेडता

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. विजेशी माझा संबंध दरमहा येणाऱ्या बिलापुरता. तरी आज विजेच्या मापाविषयी बोलणार आहे. आमच्या घरात कारखान्यांच्या मोटारी दुरुस्त करणारा एक पुतण्या आहे, आणि त्याच्या तोंडची भाषा मला बरेच दिवस खुणावते आहे.

तारेतला प्रवाह मोजायची जुनी रीत सरळ होती. तार तोडायची, मध्ये अमीटर बसवायचा. घरच्या दिव्याला हे चालते. पण 415 व्होल्टवरच्या 300 अश्वशक्तीच्या मोटारीला पूर्ण लोडवर सुमारे 400 अँपिअर लागतात. तिथे शंट नावाची धातूची पट्टी बसवता येते. पण 500 अँपिअरला 75 मिलिव्होल्ट देणारी पट्टी घेतली, तर साडेसदतीस वॅट नुसती उष्णता. शिवाय मोजणारे यंत्र थेट जिवंत तारेला जोडलेले. त्यात मोजणाऱ्याच्या जिवाला धोका, तो वेगळाच.

वाट दाखवली ती 1820 साली कोपनहेगनच्या ओर्स्टेडने. वीज वाहू लागली की तारेशेजारची होकायंत्राची सुई वळते, हे त्याने पाहिले. म्हणजे तार आपल्याभोवती चुंबकत्वाचे कडे घेऊनच वावरते. मग तारेला हात कशाला लावायचा? कडे मोजावे! वायरमनचा टाँग टेस्टर हेच करतो. जबडा उघडायचा, तार आत घ्यायची, जबडा मिटायचा. गंमत अशी, की मोटारीच्या तिन्ही तारा एकदम जबड्यात घेतल्या तर आकडा येतो शून्य, मोटार धडधडत असली तरी. एकीतून जे जाते ते बाकीच्या दोघींतून परत येते.

साध्या टाँग टेस्टरला मात्र एकाच दिशेने वाहणारा प्रवाह दिसत नाही. त्यासाठी एडविन हॉल हवा. 1879 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकताना त्याने सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली, वर्ख चुंबकात धरला, तर आडव्या दिशेला किंचित व्होल्टेज उमटले. मिठाईवरच्या वर्खाचा असाही उपयोग! आज सोन्याऐवजी अर्धवाहकाची चकती असते, आणि मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हच्या पेटीत असे हॉल सेन्सर बसवलेले असतात. ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो. कुठे शॉर्ट झाले तर त्यातले ट्रान्झिस्टर जेमतेम दहा मायक्रोसेकंद तग धरतात. सेन्सरची जबाबदारी केवढी, पाहा.

तिसरा प्रकार रोगोव्स्कीचा पट्टा. रोगोव्स्की आणि स्टाइनहाउस यांनी तो 1912 साली मांडला. आत लोखंड नाही, नुसते वेटोळे, म्हणून हजारो अँपिअर आले तरी तो चुंबकत्वाने भरून जात नाही. कमरेच्या करगोट्यासारखा जाड तारेभोवती गुंडाळता येतो. त्यालाही स्थिर प्रवाह कळत नाही. तो फक्त बदल ओळखतो.

एका हंगामात एका साखर कारखान्यात मिलची मोटार पुन्हा पुन्हा ट्रिप होऊ लागली. मोटार जळाली, खोला, असे सगळे म्हणाले. खोलणे म्हणजे काही दिवस गाळप बंद. बाहेर गाड्यांची रांग. उन्हात पडलेला ऊस वाळतो, त्याचे वजन घटते, आणि तोडणाऱ्याची मजुरी टनावर. त्या रांगेत बसलेल्या बायका पोरांना भाकरी भरवत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे अजून त्याच आहेत, मोटार नाही.

पुतण्याने मोटार पूर्ण वेगाने चालवली आणि तिन्ही तारांना पट्टे घातले. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. ड्राइव्हच्या पडद्यावर मात्र एक फेज फार चढलेली. मोटार थांबवली तरी त्या फेजचा आकडा शून्यावर येईना. ‘‘चाचा,’’ तो म्हणाला, ‘‘मोटार खरी आहे. सेन्सरच खोटं बोलतोय.’’ सेन्सर बदलला, मिल सुरू झाली.

आता तिथे गाळप सुरू होण्यापूर्वी मोटार थांबलेली असताना तिन्ही सेन्सरांचे शून्य तपासतात आणि वहीत लिहून ठेवतात. वही पुतण्यानेच आणून दिली, शंभर पानी, शाळेची.