कसबाला हवी मोजमापाची जोड

(झरी जामणी, जिल्हा यवतमाळ येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. तेथे १० ऑगस्ट २०२१ च्या रात्री चोवीस वर्षांच्या एका तरुणाचा अपघाती मृत्यू झाला. शाळा आठवीतच सुटलेला हा तरुण पत्र्याची कपाटे व कूलर बनवून उदरनिर्वाह करीत असे. मारुती ८०० मोटारीचे इंजिन घेऊन त्याने सुमारे दोन वर्षे खपून एक आसनी हेलिकॉप्टर उभे केले होते. स्वातंत्र्यदिनी ते गावाला दाखवावे अशी त्याची मनीषा होती. चाचणी चालू असता शेपटीकडील पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि मुख्य पंख्याचे पाते त्याच्या मस्तकास लागले. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते.

या घटनेकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. कोणी त्याला वेडे साहस म्हणतो, तर कोणी तिचे केवळ कौतुक करून थांबतो. दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. त्या तरुणाजवळ कसब होते, चिकाटी होती आणि स्वप्नही होते. उणीव होती ती त्याच्या कामाकडे जाणत्या नजरेने पाहणाऱ्या दुसऱ्या माणसाची. अशा माणसाची सोय गावात कशी करता येईल, हाच आजच्या विवेचनाचा विषय होय.

झरी जामणी तालुक्यात कसबी हातांची वाण नाही. पैनगंगेच्या काठच्या या सीमावर्ती भागात मराठीबरोबर कोलामी, गोंडी आणि तेलुगूही बोलली जाते. येथे कापसाच्या शेतीतील पंप, फवारणीची यंत्रे, मोटारसायकली आणि मोबाइल संच दुरुस्त करणारे तरुण गावोगावी आढळतात. घरबसल्या मोबाइलवरून शेतातील पंप सुरू करणारे उपकरण आज शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. त्याच्या अंतरंगात काय चालते हे कुतूहलाने उघडून पाहणारा मुलगा हा उद्याचा तंत्रज्ञ असतो. त्याला पुस्तकी परीक्षेत गुण कमी मिळाले, एवढ्यावरून त्याची किंमत ठरविणे योग्य नव्हे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सखोल विचार झालेला आहे. खासगी उद्योगातील वरिष्ठ पद सोडून आलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करता करता शिकणे ही शिक्षणाची नैसर्गिक रीत आहे, हा त्यांचा विश्वास होता. जोडकाम, वीज, शेती व आरोग्य ही कामे विद्यार्थ्यांनी गावाची सेवा म्हणून करावीत आणि त्यांतून विज्ञान शिकावे, अशी ही पद्धती आहे. याच आश्रमात जुन्या जीपचे सुटे भाग वापरून लहान ट्रॅक्टर तयार झाला. त्यास ‘मेकॅनिकल बुल’, म्हणजे यांत्रिक बैल, असे समर्पक नाव मिळाले. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने पाबळला ‘फॅब लॅब’ ही संगणकचलित यंत्रांची प्रयोगशाळाही सुरू झाली.

सातारा जिल्ह्यातील फलटणचे उदाहरणही असेच बोधप्रद आहे. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात सायकल रिक्षाचा अभ्यास हाती घेतला. रिक्षा ओढणाऱ्याचे श्रम कसे कमी करावेत, हा त्यामागील प्रश्न होता. त्यांतून गिअर असलेली सुधारित रिक्षा, मोटारीचे साह्य असलेली रिक्षा आणि पूर्णतः विजेवर चालणारी रिक्षा अशा रचना सिद्ध झाल्या. ई-रिक्षा देशभर दिसू लागल्या त्या यानंतर. नव्या वाहनाची कल्पना माणसाच्या कष्टाकडे पाहूनही सुचते, हे येथे ध्यानात येते.

उड्डाणाचे स्वप्नही अशक्य कोटीतील नाही. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले, ते २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. येथे वैमानिकाचे रीतसर शिक्षण, अनेक वर्षांचा धीर आणि नियमांची दीर्घ वाट चालण्याची तयारी यांचा संगम होता.

कसबाला मोजमापाची जोड का हवी, हे एका साध्या हिशेबावरून स्पष्ट होईल. एक किलो वजन एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला बांधून मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरविले, तर दांड्यावर सुमारे १०० किलो वजनाइतका ताण येतो. फेऱ्या ६०० केल्या की ताण दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे ४०० किलो होतो. १२०० फेऱ्यांना तो १६०० किलोच्या घरात जातो. डोळ्यांना जोडकाम भक्कम दिसते. परंतु वेग वाढताच ते दगा देऊ शकते. म्हणूनच फिरत्या यंत्राची पहिली चाचणी कमी वेगाने, आडोशाआडून व दुरून घ्यावयाची असते. पात्यांच्या फिरण्याच्या पातळीत कोणीही उभे राहावयाचे नसते.

विजेच्या वाहनांनाही हाच न्याय लागू आहे. ३६ व्होल्टच्या बॅटरीवर २५० वॅटची मोटार पूर्ण भाराने चालली, तर तारेतून सुमारे ७ अँपिअर प्रवाह वाहतो. सुरुवातीस व चढावर तो आणखी वाढतो. तार बारीक असेल तर तापते. बॅटरीची दोन टोके चुकून जुळली, तर प्रवाह शेकडो अँपिअरपर्यंत जाऊन आग लागू शकते. बॅटरीच्या अगदी जवळ बसविलेला अल्पमोली फ्यूज हा अनर्थ टाळतो. लिथियम बॅटरीस भोसकणे, ती उघडणे वा तिला न जुळणाऱ्या चार्जरवर रात्रभर ठेवणे सर्वथा वर्ज्य समजावे.

कायद्याचीही माहिती हवी. मोटारीची शक्ती २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असलेली विजेची दुचाकी ठरावीक अटींवर मोटार वाहनाच्या व्याख्येत येत नाही. नवशिक्या संशोधकास ही मर्यादा म्हणजे सुरक्षित अंगणच आहे. मात्र नोंदणीकृत वाहनाच्या रचनेत परवानगीवाचून बदल करता येत नाही. हे आधी सांगणारा कोणी भेटला, तर तरुणाचा पैसा व उमेद दोन्ही वाचतात.

आता प्रत्यक्ष कार्याचा विचार करू. शिक्षकांनी प्रत्येक प्रयोगकर्त्या विद्यार्थ्यास एक नोंदवही ठेवण्यास सांगावे. काय केले, किती मोजले, काय बिघडले, हे तीत रोज लिहावे. इटलीत २००५ मध्ये जन्मलेली ‘आर्डुइनो’ ही छोटी संगणकीय पाटी आज सामान्य शाळेच्या आवाक्यात आहे. तिच्या साह्याने तपमान, पाण्याची पातळी वा चाकाचा वेग मोजता येतो. ज्या शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळा मिळाली आहे, तिचे कुलूप सुट्टीच्या दिवशीही उघडावे.

ग्रामपंचायतीने एखादी रिकामी खोली, एक वाळूची बादली, एक अग्निशामक आणि दोन शिरस्त्राणे एवढी व्यवस्था केली तरी गावाची कार्यशाळा उभी राहते. अधिकाऱ्यांनी नजीकच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांची महिन्यातून एक भेट तेथे घडवून आणावी. चाचणीपूर्वी तीन प्रश्न विचारण्याचा परिपाठ पडावा: काय तुटू शकेल? तुटल्यास ते कोठे जाईल? तेथे कोण उभे आहे? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत कळ दाबू नये.

फुलसावंगीच्या तरुणाला शाबासकी देणारे लोक लाभले असतील. परंतु हे तीन प्रश्न त्या रात्री कोणी विचारले असते, तर कदाचित त्याचे हेलिकॉप्टर उडाले नसते, पण तो स्वतः आज हयात असता, आणि त्याच्या हातून आणखी काही घडले असते. झरी जामणीच्या एखाद्या गावात या घडीला कोणी तरुण जुन्या मोटारसायकलचे इंजिन खोलून बसला असेल. उद्या त्याच्या दारी जावे, त्याचे काम आस्थेने पाहावे आणि शिरस्त्राण कोठे आहे, हे विचारावे. कामाचा प्रारंभ येथूनच व्हावयाचा आहे.