अपलोड नेमकं कुठे अडकतं?

आज बोलायचंय ब्राउझरमधून सर्व्हरकडे मोठा डेटा पाठवण्याबद्दल. पेज किती सेकंदांत उघडलं हे सगळे मोजतात, उलट्या दिशेचा प्रवास फारसं कुणी मोजत नाही. मोबाइलवर तर अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बहुधा बराच कमी असतो.

अतिवृष्टीनंतर पडलेल्या घरांची माहिती आणि फोटो भरून घेणारं एक वेब ॲप माझ्याकडे तपासायला आलं होतं. कुणाचं, ते सोडून द्या. एका घराचे १२ फोटो, एकेक साधारण ४ एमबीचा. झाले ४८ एमबी. पण फोटो बेस-६४ मध्ये बदलून जेसनमध्ये कोंबलेले. बेस-६४ मध्ये दर ३ बाइटांचे ४ होतात, त्यामुळे ४८ चे झाले ६४. अपलोडचा वेग २ एमबीपीएस धरला, तरी चार मिनिटांहून जास्त लागतात. चौथ्या मिनिटाला रेंज गेली की पुन्हा शून्यापासून. माहिती भरणारा माणूस दोनदा प्रयत्न करतो, मग कंटाळून फोटोच कमी करतो. ज्याचं घर पडलंय, त्याचा पुरावा तिथेच कमी होतो.

अशा वेळी सर्व्हर मोठा करायची घाई होते. सर्व्हर बिचारा रिकामा बसलेला असतो! म्हणून आधी दोन वेळा वेगवेगळ्या मोजा: शेवटचा बाइट जाईपर्यंतची आणि त्यानंतर उत्तर येईपर्यंतची. एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट जुनं वाटतं, पण अपलोड किती झालं हे ते सांगतं. फेच सांगत नाही.

पहिली वेळ जास्त असेल, तर आधी वजन उतरवा. फोटो कॅनव्हासवर काढून लांब बाजू १६०० पिक्सेल केली आणि जेपेग म्हणून साठवला, तर तो बहुतेक वेळा काहीशे केबीत बसतो. सगळे मिळून ५ एमबी झाले, तर त्याच वेगाने २० सेकंदांचं काम. इथे एक सावधगिरी हवी. कॅनव्हासमधून बाहेर पडलेल्या फोटोत मूळ एक्झिफ माहिती राहत नाही, म्हणजे फोटो कधी आणि कुठे काढला हे जातं. पंचनाम्यात तीच तर किमती गोष्ट. ती आधी वाचून घ्या आणि वेगळी पाठवा. फोटो फॉर्मडेटामध्ये ब्लॉब म्हणूनच द्या, बेस-६४ ची गरज नाही.

नुसता मजकूर किंवा आकडे असतील, तर कॉम्प्रेशनस्ट्रीम वापरून जीझिप करता येतं. ब्राउझर हे आपणहून करत नाही, आणि सर्व्हरलाही ते उलगडता यायला हवं. जेपेग आधीच दाबलेला असतो, त्यावर हा खटाटोप करू नका.

मूळ आकाराचाच फोटो किंवा व्हिडिओ हवा असेल, तर तुकडे करा. ब्लॉबचं स्लाइस फंक्शन पूर्ण फाइल मेमरीत न ओढता हवा तो भाग देतं. कुठले तुकडे पोचले हे सर्व्हरने लक्षात ठेवायचं, रेंज आली की राहिलेलेच पाठवायचे. यासाठी टस नावाचा खुला प्रोटोकॉल आहे, चाक नव्याने शोधू नका. तुकडा केवढा? कमजोर नेटवर्कवर मी १ एमबीच्या आसपास ठेवतो. ॲमेझॉन एस-३ च्या मल्टिपार्टमध्ये मात्र शेवटचा सोडून प्रत्येक भाग किमान ५ एमबीचा लागतो. आणि एका वेळी दहा-दहा तुकडे सोडू नका. नळ तेवढाच, बादल्या वाढवून पाणी वाढत नाही.

एनजिनएक्स वापरत असाल, तर रिक्वेस्टच्या आकाराची मूळ मर्यादा १ एमबी आहे. ती ओलांडली की ४१३ चा एरर येतो आणि लोक नेटवर्कला शिव्या घालतात.

माझ्या मते सगळ्यांत मोठा फरक पडतो तो क्रमाने. घरमालकाचं नाव, गाव, नुकसान ही माहिती काही केबींची असते. ती आधी एकटी पाठवा आणि नोंद क्रमांक लगेच दाखवा. फोटो इंडेक्स्डडीबीत ठेवा आणि एकेक करून मागून जाऊ द्या. '१२ पैकी ७ पोचले' एवढी ओळ पडद्यावर दिसली, की माणूस फोटो कमी करत नाही.