नारळीकरांना तपासून घ्या

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

  मी विज्ञानाच्या बातम्या लिहिणारा माणूस. सगळी नोकरी मराठी दैनिकांच्या डेस्कवर गेली. ज्यांच्याबद्दल मी सर्वांत जास्त लिहिलं आणि ज्यांच्यावरचं माझं लिखाण सर्वांत जास्त वेळा कापलं गेलं, त्या डॉ. जयंत नारळीकरांबद्दल आज मला बोलायचं आहे.

२० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात गेले. सकाळीच एका दैनिकातून फोन आला. पाचशे शब्द, तासाभरात. मी लिहायला बसलो. कोल्हापूरचा जन्म, बनारसचं बालपण, केंब्रिज, टाटा मूलभूत संशोधन संस्था, मग १९८८ पासून पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, हे सगळं त्यात होतं. एक परिच्छेद मी मुद्दाम लिहिला होता. विश्वाच्या उत्पत्तीबाबत नारळीकर आयुष्यभर अल्पमतात राहिले, निरीक्षणांचा कौल त्यांच्या बाजूने पडला नाही, आणि तरीही जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना त्यांच्याबद्दल आदर होता, असं त्यात म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी अंक हातात घेतला तर तेवढाच परिच्छेद गायब. वर मथळा, महास्फोट सिद्धान्ताला हादरा देणारा शास्त्रज्ञ! डेस्कवर विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की गेलेल्या माणसाबद्दल असं लिहीत नाहीत.

या उत्तराचा मला अजून राग आहे, कारण त्या परिच्छेदाशिवाय नारळीकर कळतच नाहीत.

१९४८ साली फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला. विश्व प्रसरण पावतं आहे हे त्यांना मान्य होतं. पण त्याला सुरुवात नाही, दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात तसं मधल्या जागेत नवं द्रव्य निर्माण होत राहतं, आणि म्हणून विश्वाचं एकंदर रूप सर्वकाळ सारखंच असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. विज्ञान शाखेच्या मुलांना लगेच लक्षात येईल की या म्हणण्याने स्वतःची मान स्वतःच पुढे केली आहे. आकाशात दूरचं पाहणं म्हणजे जुनं पाहणं. अब्जावधी वर्षांपूर्वीचं विश्व आजच्यापेक्षा वेगळं दिसलं, की सिद्धान्त अडचणीत. केंब्रिजमध्येच मार्टिन राइल यांनी दूरच्या रेडिओस्रोतांची मोजणी केली आणि १९६१ च्या सुरुवातीला जाहीर केलं की ते वेगळं दिसतं आहे. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत हॉइल यांच्या बाजूने उत्तर द्यायला उभा राहिला त्यांचा संशोधक विद्यार्थी, जयंत नारळीकर. वय वर्षं २२. आज या सभागृहात बसलेल्या कितीतरी जणांचं आहे तेवढंच.

पुढे १९६४ मध्ये हॉइल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धान्त आला. वस्तूचं जडत्व हे उरलेल्या साऱ्या विश्वाशी असलेल्या तिच्या नात्यातून येतं, ही त्यामागची कल्पना. भारतात नारळीकरांचं नाव घरोघरी पोचलं आणि २६ व्या वर्षी, १९६५ मध्ये, पद्मभूषण मिळालं. त्याच १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी सगळ्या आकाशातून येणारी सूक्ष्मलहरींची प्रारणं सापडल्याचं जाहीर केलं, ती विश्वाच्या तप्त सुरुवातीची खूण मानली गेली, आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोट सिद्धान्ताकडे वळले. नारळीकर वळले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सिद्धान्ताचं सुधारलेलं रूप मांडलं. तेही फार थोड्यांना पटलं.

मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. संस्थापक-संचालक म्हणून आयुका उभारताना आपल्या मताची माणसं गोळा करणं त्यांना सहज शक्य होतं. तिथे काय झालं? थानू पद्मनाभन हे त्यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी, त्यांनी महास्फोटाच्या चौकटीतल्या विश्वरचनेवर काम करून नाव मिळवलं. ज्या प्रारणांमुळे स्थिर स्थितीची बाजू दुबळी झाली, त्यांचाच अभ्यास तरुण सौरदीप यांनी आयुकात बसून केला. संजीव धुरंधर गुरुत्वीय लहरी शोधण्याच्या गणितावर काम करत होते. तेव्हा या लहरी आपल्या हयातीत सापडतील यावर फार कमी लोकांचा विश्वास होता. त्या २०१५ मध्ये सापडल्या. संचालकाच्या मताविरुद्ध काम करणाऱ्याला त्याच संस्थेत खोली आणि संगणक मिळतो, ही आपल्याकडे किती दुर्मीळ बाब आहे हे तुम्हाला नोकरीला लागल्यावर कळेल.

न पटणाऱ्या म्हणण्याला अशी जागा देणं माझ्या धंद्यात मात्र मी पाहिलं नाही. २१ सप्टेंबर १९९५ या दिवशी गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. तुमचा जन्मही झाला नव्हता. डेस्कवरचे फोन थांबत नव्हते. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध ओल्या दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली उतरतं, हे मी साध्या मराठीत लिहून दिलं. पहिल्या पानावर रांगांचे फोटो लागले. माझा मजकूर दोन दिवसांनी पान सातवर, निम्मा कापून. महिनाभरात, २४ ऑक्टोबरला, खग्रास सूर्यग्रहण होतं. त्याच पानावर गर्भवतींनी काय करू नये याची चौकट मात्र अख्खी छापून आली. जाहिरात आली की आधी विज्ञानाचं सदर गाळलं जायचं. इतक्या वर्षांत जाहिरातीसाठी राशिभविष्य काढल्याचं मी एकदाही पाहिलं नाही. मालक बदलले, संपादक बदलले, छपाईचं तंत्र बदललं, पण हा नियम टिकला. या अन्यायाबद्दल मी भांडलो आहे, आणि व्यासपीठ मिळेल तिथे बोलत राहीन.

म्हणूनच २००८ सालची फलज्योतिषाची चाचणी मला नारळीकरांच्या कामातली अत्यंत महत्त्वाची वाटते. आकाशाचा अभ्यास करणारा हा माणूस फलज्योतिषाची नुसती टिंगल करून थांबला नाही. संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी ज्योतिषाचा व्यवसाय केलेले प्रकाश घाटपांडे यांना बरोबर घेऊन त्यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या आणि कोणती कोणाची ते सांगा म्हटलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. सर्वांत चांगली कामगिरी होती ४० पैकी २४. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका पाहिल्या, त्यांची १०२ उत्तरं बरोबर आली. हा निबंध करंट सायन्स या नियतकालिकात २००९ मध्ये छापून आला. दाभोलकरांचा २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात भर रस्त्यात खून झाला. त्या चाचणीचे आकडे आजही कोणालाही वाचता येतात.

पत्रिका पाहणाऱ्याला मुलाचं नाव माहीत नव्हतं, हा त्या चाचणीचा कणा. आणि आता १९७४ मध्ये चला. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, मग कळलं की जगताप म्हणजे ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केलेले नारळीकर. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा लिहून काढली होती पत्नी मंगलाताईंनी, ज्या स्वतः गणितज्ञ होत्या. हा किस्सा सगळे गंमत म्हणून सांगतात. मला तो गंमत वाटत नाही. जी कसोटी चौतीस वर्षांनी त्यांनी ज्योतिषांना लावली, तीच आधी स्वतःच्या कथेला लावली होती. पद्मभूषण नारळीकरांची कथा म्हणून कुठल्याही मासिकाने ती आनंदाने छापली असती. त्यांना हवं होतं ते नाव झाकून दिलेलं उत्तर.

या माणसाला आपण काय दिलं? २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे जाऊ शकले नाहीत. बातम्या त्यांच्या गैरहजेरीच्या झाल्या. त्यांच्या अध्यक्षीय भाषणात विज्ञानकथेबद्दल काय आहे, यावर मला एकही नीट लेख मिळाला नाही. आता ते गेल्यावर त्यांच्या नावाने चौक होतील, पुतळे होतील, मोबाइलवर त्यांच्या फोटोखाली त्यांनी कधी न म्हटलेली वाक्यं फिरतील. काही माझ्यापर्यंत आलीही आहेत.

तेव्हा माझं एकच मागणं आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा करणार. कोणाचंही म्हणणं मोठ्या माणसाचं म्हणून स्वीकारू नका, नारळीकरांचंही नाही. तपासा. आणि स्वतः बोलाल तेव्हा दुसऱ्याला तपासता येईल असं बोला. नारळीकरांचा सिद्धान्त तपासता आला म्हणून तो विज्ञान होता. पत्रिका पाहणाऱ्याचं भाकीत चुकलं की ग्रहांची दशा आडवी येते, म्हणून ते विज्ञान नाही.

लहान मुलं सही मागायला आली की नारळीकर सही देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, म्हणजे उत्तर देईन आणि खाली सही असेल, असं सांगत. आयुकातली व्याख्यानं ऐकायला मी मागच्या रांगेत बसत असे, तेव्हा शाळकरी पोरांची ती झुंबड मी पाहिली आहे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून तिथे मुलांसाठी 'पुलस्त्य' हे विज्ञान केंद्र उभं राहिलं. आमच्या कार्यालयातही वाचकांची पत्रं येत, ग्रहणाबद्दल, धूमकेतूबद्दल. ती गठ्ठ्यात बांधून रद्दीत जात. हे सांगताना आजही घशात काहीतरी अडकतं.

आता एक कामाची गोष्ट. येत्या तीन-चार वर्षांत तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरी पत्रिका बाहेर निघतील. छत्तीसपैकी किती गुण जुळले, मंगळ आहे का, नाडी एक आहे का. आईवडिलांशी भांडू नका. त्याऐवजी हे करून पाहा. वीस वर्षं एकत्र संसार केलेली शंभर जोडपी आणि कायद्याने वेगळी झालेली शंभर जोडपी शोधा. त्यांच्या संमतीने जन्मवेळा घ्या, नावं काढून टाका, पत्रिका मिसळा आणि या जिल्ह्यातल्या गुणमेलन करणाऱ्यांपुढे ठेवा. एकत्र राहिलेलं जोडपं सुखी असतंच असं नाही, ही अडचण मला दिसते आहे. ती कशी सोडवायची ते तुम्ही ठरवा. तुमच्या संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांशी मी सकाळी चहाच्या वेळी बोललो आहे. त्या तयार आहेत. टपाल, छपाई आणि प्रवासाचा खर्च माझ्याकडे. ज्यांना यात यायचं आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर डाव्या दाराशी त्यांच्याकडे नाव द्यावं. निकाल ज्योतिषांच्या बाजूने लागला तरी तो छापून आणण्यासाठी मी प्रत्येक संपादकाच्या दारात जाईन.