मळ्यांतील हात
(जुबिली समारंभांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



या जुबिलीच्या निमित्तानें एका स्नेह्यांनीं आम्हांस फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतांतील, पिनो न्वार जातीच्या द्राक्षमद्याची एक बाटली भेट दिली. मद्याची स्तुति करण्यास आम्ही उभे नाहीं. दारूनें किती चुली विझल्या, हें आपण जाणतां. परंतु त्या बाटलीमागील मळ्याची कथा आज सांगण्याजोगी आहे.

पिनो न्वारचें द्राक्ष मोठें नाजूक. घड लहान व गच्च, साल पातळ. ओलाव्यानें तें कुजतें, फार उन्हांत त्याची चव जाते. बर्गंडींत सिटो येथें १०९८ सालीं मठ स्थापन झाला. पुढील शतकांत तेथील मठवासीयांनीं व्हूजो गांवीं वेली लाविल्या. १३३६ पर्यंत सुमारें १२५ एकर मळ्यास दगडी भिंत पुरी झाली. कोणत्या उतारावर कसें फळ धरतें, हें त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलें. मळ्यांत राबणाऱ्या त्या श्रमिक बंधूंचीं नांवें आज कोण जाणतो? राज्यक्रांतींत मळा जप्त होऊन १७९१ सालीं विकला गेला. आज त्याचे सुमारें ८० मालक आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फिलॉक्सेरा नामक किडीनें बर्गंडींतील वेलींचीं मुळें खाल्लीं, तेव्हां अमेरिकन वेलीच्या खुंटावर कलमें बांधून ती जात वांचविली. मालक गेले, मुळें बदललीं. मळा मात्र राहिला.

असे मळे पाहावयास इतकें दूर जावयास नको. सातारा जिल्ह्यांत उगम पावणारी येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते. तिच्या खोऱ्यांत तासगांवकडे चला. तेथेंहि डॉगरीज या परदेशी खुंटावर कलम बांधतात. एप्रिलांत खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, मग विरळणी. ऐन फुलोऱ्यांत पाऊस आला कीं दावण्या पडतो. घड जातो, कर्ज राहतें. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, याचा अभिमान आहेच. परंतु कात्री घेऊन दिवसभर मांडवाखालीं मान वर करून उभ्या राहणाऱ्या बाईचें नांव कोणत्याहि पेटीवर नसतें.

वेदीवरील द्राक्षरस निखळ द्राक्षाचाच असावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. मिस्सेंत तो अर्पितांना, हें वेलीचें फळ व माणसांचे श्रम आहेत, असें आम्ही देवापुढें म्हणतों. पण ते श्रम कोणाचे, याचा विचार आम्हीं क्वचितच केला. एका पावसाळी संध्याकाळीं, मळा गेलेल्या एका गृहस्थानें आम्हांस विचारलें, “फादर, वेल देवाची, तर पाऊस कोणाचा?” आम्ही निरुत्तर झालों. त्याच्या ओट्यावर बसून राहिलों, इतकेंच.

आपल्या धर्मग्रामाचा मळाहि अशाच हातांनीं राखला. ज्यांनीं या मंदिराचे दगड वाहिले, वाळू चाळली, त्यांचीं नांवें कोनशिलेवर नाहींत. त्यांचें स्मरण रोषणाईनें होणार नाहीं. म्हणून आमची विनंति आहे कीं, रोषणाईचा निम्मा खर्च वांचवून, पावसानें ज्यांचे मळे गेले किंवा ज्यांची मजुरी बुडाली, त्या घरांतील मुलांची फी भरावी. मग तें घर कोणत्याहि धर्माचें असो. पहिली रक्कम आम्ही आजच दानपेटींत टाकितों.

प्रभु येशू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.