चिपमधलं गॅलिअम येणार कुठून?

भिलाई म्हटलं की रेल्वेचे रूळ आठवतात, पण आज लोखंड थोडं बाजूला ठेवू. इथून जवळच, नवा रायपूरला, एप्रिल २०२५मध्ये गॅलिअम नायट्राइडच्या चिपच्या कारखान्याची पायाभरणी झाली. बातम्यांत कोटींचे आकडे आले. मला प्रश्न पडला तो साधा: यातलं गॅलिअम येणार कुठून?

आधी हा पदार्थ हवा कशाला, ते बघू. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला साधारण १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, गॅलिअम नायट्राइडमध्ये ३.४. म्हणून तो जास्त व्होल्टेज सोसतो, थर पातळ ठेवता येतो आणि चालू-बंद होताना वीज कमी वाया जाते. हल्लीचे काही चार्जर मुठीत मावतात आणि तरी लॅपटॉप चार्ज करतात, ते याच्याच जोरावर.

आता गॅलिअम. हा धातू ३० अंशांच्या आतच वितळतो. भिलाईच्या मे महिन्यात टेबलावर ठेवलात तर त्याचं पाणी होईल! आवर्तसारणीत तो ॲल्युमिनिअमच्या बरोबर खाली बसतो, गुणही मिळतेजुळते. त्यामुळे तो बॉक्साइटमध्येच मिसळलेला असतो, टनाला सरासरी ५० ग्रॅमच्या आसपास. बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात तापवून ॲल्युमिना काढतात, तेव्हा गॅलिअमही विरघळतं. तेच द्रावण पुन्हापुन्हा फिरवतात, म्हणून त्यात ते साठत जातं. काढायचं ते तिथूनच.

बॉक्साइट आपल्याकडे नाही का? मैनपाटला आहे, कोल्हापूर जिल्ह्यात आहे. बेळगावात ॲल्युमिन्याचा कारखाना कित्येक दशकं चालू आहे. तरी जगातलं ९८ टक्क्यांच्या घरातलं प्राथमिक गॅलिअम चीनमध्ये निघतं, आणि ऑगस्ट २०२३पासून चीनने त्याच्या निर्यातीला परवाना लावला. त्याच वर्षी आपल्या सरकारने ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत गॅलिअम घातलं. यादी झाली, पण यादीतून धातू निघत नाही.

अडचण अशी की हा धंदा फार छोटा. जगाचं वर्षाचं उत्पादन काहीशे टन. भिलाईची मोठी झोतभट्टी तेवढं लोखंड काही तासांत ओतते. ॲल्युमिनावाल्याला एवढ्याशासाठी वेगळं यंत्र बसवणं परवडत नाही. शिवाय काढलेलं गॅलिअम चिपसाठी किमान ९९.९९९९ टक्के शुद्ध करावं लागतं. माझ्या मते सवलती चिपच्या कारखान्याइतक्याच या टप्प्याला हव्यात. हे काम धातुशास्त्राचं आहे, आणि धातू जाणणारी माणसं भिलाईत घरोघरी आहेत.