दिवा बसवला, आता भिंतीसमोर



प्रत्येकानं आपल्या धंद्यातलं काहीतरी पाच मिनिटांत सांगायचं, असं ठरलंय. माझं गॅरेज. आपल्यातल्या चौघांच्या पिकअप रात्री भाजी घेऊन घाट उतरतात आणि वाशी गाठतात. म्हणून हेडलाइटबद्दल बोलतो.

फुटलेला हेडलाइट काढणं अवघड नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. बऱ्याच पिकअपना पुढची जाळी उतरवावी लागते. बोल्ट काढूनही युनिट हललं नाही तर हिसका देऊ नका, कुठंतरी क्लिप अडकलेली असते. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. तेलकट डागावर काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

इथं बहुतेक जण बॉनेट लावून निघतात. पण काम अर्धंच झालेलं असतं.

विज्ञानाच्या तासाला अंतर्वक्र आरसा शिकलो, आठवतो? नाभीवर दिवा ठेवला की किरण समांतर जातात. एच-४ बल्बात अप्परची तार त्या नाभीजवळ असते. डिपरची तार जरा पुढं, आणि तिच्याखाली पत्र्याची इवलीशी वाटी. त्यामुळं उजेड आरशाच्या वरच्या भागावरच पडतो आणि खाली रस्त्याकडे वळतो. त्या जागी भलताच एलईडी खोचला की हा हिशेब बिघडतो आणि डिपरवरसुद्धा समोरच्याचे डोळे दिपतात. 60/55 वॉटच्या जागी 100/90 लावणाऱ्यांची सॉकेटं वितळलेली मी बघतो, ते वेगळंच.

आणखी एक. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डिपरचा उजेड डाव्या कडेला थोडा वर चढतो. कडेनं चालणारा माणूस दिसावा म्हणून. उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशासाठीचं युनिट स्वस्तात मिळालं म्हणून बसवलं, तर तोच उजेड समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर. घाटाच्या वळणावर त्याला दिसेनासं झालं, तर तो आपल्याच अंगावर येणार.

तर, टायरमधली हवा बघा, गाडी सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीला टेप चिकटवा. डिपरच्या उजेडाची वरची कड टेपच्या साधारण 10 सेंटीमीटर खाली यायला हवी. युनिटमागच्या स्क्रूनं ती वरखाली होते. आणि हे नेहमीचा माल भरून करा. मागं वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं, आणि रिकाम्या गाडीवर जुळवलेला दिवा झाडांवरची घरटी दाखवतो. डॅशबोर्डवर दिवा वरखाली करायचं बटण असेल, तर ते नुसतं शोभेला ठेवू नका.

आज चारही पिकअप मैदानात उभ्या आहेत. जेवणं झाली, अंधार पडला, की शाळेच्या मागच्या भिंतीपाशी या. टेप मी आणलाय. मालाच्या जागी आपणच मागं बसू. वजनाची चिंता आता आपल्या बॅचला राहिलेली नाही.